भरपूर पाऊस, तरी टँकर का? भूगोलाचं उत्तर लिहिण्याची रीत

‘भौगोलिक कारण लिहा : रत्नागिरी जिल्ह्यात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणीटंचाई जाणवते.’ गुण ३.

रत्नागिरीतल्या एखाद्या दहावीच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहून पाहा. बऱ्याच वह्यांत साधारण असं उत्तर सापडेल : ‘रत्नागिरी जिल्ह्यात खूप पाऊस पडतो. पण ते पाणी समुद्राला जाऊन मिळते. लोक पाणी नीट साठवत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. म्हणून पाणीटंचाई जाणवते.’

पाच वाक्यं झाली, अर्धं पानही भरलं. मुलाला वाटतं, तीनपैकी तीन मिळायला हवेत. मिळतो एक, फार तर दीड. कारण पहिलं आणि शेवटचं वाक्य म्हणजे प्रश्नच फिरवून लिहिलेला आहे. उरलेली तीन वाक्यं जगातल्या कुठल्याही पावसाळी गावाला चालतील. त्यांत रत्नागिरी नाही. इथला उतार नाही, इथला जांभा नाही, इथल्या नद्या नाहीत. प्रश्न भौगोलिक कारणाचा होता आणि उत्तरातून भूगोलच गळाला.

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात सातत्यानं पहिला येतो. २०२४ मध्ये विभागाचा निकाल ९९.०१ टक्के होता, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या या विभागात पास होण्याची चिंता फारशी कुणाला नसते. प्रश्न आहे तो पुढचा. धडा पाठ आहे, मुद्दे माहीत आहेत, तरी सामाजिक शास्त्रांच्या दुसऱ्या पेपरात चाळीसपैकी अठ्ठावीस-तीसवर गाडी का अडते? माझं उत्तर असं : भूगोलात माहितीला गुण कमी आणि माहितीच्या जोडणीला जास्त असतात. अमुक गोष्ट अमुक ठिकाणीच का, हे एका कडीतून दुसरी कडी काढत दाखवणं म्हणजे भूगोलाचं उत्तर. ही जोडणी शिकवायला रत्नागिरीसारखी जागा शोधून सापडायची नाही, कारण दहावीच्या पुस्तकातली निम्मी कारणं इथे घराबाहेर पडताच दिसतात.

कडीला कडी

पाणीटंचाईचाच प्रश्न पुन्हा घेऊ. आता तो असा लिहून पाहा :

१. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो.

२. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधला पट्टा अरुंद व तीव्र उताराचा आहे. त्यामुळे वाशिष्ठी, शास्त्री, काजळी यांसारख्या नद्या कमी लांबीच्या व वेगवान असून पावसाचं पाणी थोड्याच वेळात समुद्राला मिळतं.

३. येथील सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या पठारांवर) जांभा खडक आहे. तो सच्छिद्र असल्यानं पाणी त्यात लवकर मुरतं; परंतु डोंगरउतारावरच्या झऱ्यांमधून ते पुढच्या काही महिन्यांत वाहून जातं. परिणामी विहिरींची पातळी मार्च-एप्रिलपर्यंत खूप खाली जाते.

४. भूरचना डोंगराळ आणि वाड्या विखुरलेल्या असल्यानं मोठे जलसाठे उभारणं व प्रत्येक वाडीपर्यंत पाणी पोहोचवणं कठीण होतं. म्हणून पाऊस भरपूर असूनही उन्हाळ्यात टंचाई जाणवते.

लांबी पहिल्या उत्तरापेक्षा बरीच जास्त आहे, पण त्यातला प्रत्येक मुद्दा काहीतरी काम करतो. क्रमही सहज आलेला नाही. आधी हवामान, मग भूरचना, मग खडक आणि शेवटी माणूस. आकाशातून जमिनीवर, जमिनीवरून जमिनीखाली आणि तिथून वस्तीपर्यंत. ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नातली बहुतेक विधानं या चार पायऱ्यांनी उलगडतात. प्रत्येक वेळी चारही लागतील असं नाही, पण प्रश्न वाचल्यावर मनातल्या मनात या चौघांना विचारून घ्यावं : इथे तुझं काही काम आहे का?

तिसऱ्या मुद्द्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण हुशार मुलांचे गुणही इथेच जातात. ते लिहितात, ‘जांभा खडक सच्छिद्र आहे. त्यामुळे पाणीटंचाई होते.’ वाचणाऱ्याला लगेच शंका येते. खडक सच्छिद्र असेल तर त्यात पाणी साठायला हवं, टंचाई कशी होईल? मधली कडी गाळली आहे. ती कडी कळायला जांभा कसा तयार होतो ते माहीत हवं. उष्ण हवामान आणि मुसळधार पाऊस यांमुळे मूळ बेसॉल्ट खडक झिजत, कुजत जातो. त्यातली विरघळणारी द्रव्यं आणि सिलिका पाण्याबरोबर निघून जातात, लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. लोहामुळे तो तांबडा होतो आणि निघून गेलेल्या द्रव्यांच्या जागी पोकळ्या राहतात. या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. जांभ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा थर लागतो आणि त्यातून पाणी सहजासहजी खाली जात नाही. म्हणून वरून मुरलेलं पाणी या थरावर येऊन आडवं सरकतं आणि जिथे डोंगराची बाजू उघडी पडते तिथे झरा होऊन बाहेर पडतं. पावसाळ्यानंतर काही महिने पऱ्या (छोटा ओढा) वाहता असतो तो या पाण्यावर. उतार जितका जास्त, तितका हा साठा लवकर रिकामा होतो. म्हणजे जांभा पाणी घेतो खरा, पण धरून ठेवत नाही. ‘मुरतं, परंतु झऱ्यांमधून वाहून जातं’ हे अर्धं वाक्य लिहिलं की कडी जुळते आणि गुणही मिळतो.

आपलं उत्तर तपासायची एक सोपी परीक्षा आहे. दोन वाक्यांच्या मध्ये ‘त्यामुळे’ हा शब्द घालून मोठ्यानं वाचायचं. अर्थ लागला तर ठीक. अडखळायला झालं, तर मधलं एक वाक्य लिहायचं राहिलं आहे.

प्रश्न काय करायला सांगतो?

प्रश्नातल्या क्रियापदाकडे बघायची सवय आपल्याकडे कमी आहे. विषय ओळखीचा दिसला की मुलं त्या विषयाचं माहीत असलेलं सगळं लिहून काढतात. ‘वर्णन करा’ म्हटलं तर काय आहे आणि कुठे आहे ते लिहायचं. ‘कारणे लिहा’ म्हटलं तर वर्णनाला गुण नाहीत, का ते सांगायचं. ‘टीप लिहा’ म्हणजे एकाच गोष्टीचे स्थान, वैशिष्ट्यं आणि महत्त्व हे तिन्ही पैलू थोडक्यात मांडायचे. ‘तुलना करा’ किंवा ‘फरक स्पष्ट करा’ म्हटलं की दोन्ही बाजूंना एकच निकष लावायचा.

या शेवटच्या प्रकारातली चूक फार नेहमीची आहे. कोकणातल्या आणि देशावरच्या नद्यांतला फरक विचारला, तर डावीकडे लिहिलेलं असतं ‘या नद्या अरबी समुद्राला मिळतात’ आणि उजवीकडे ‘या नद्यांवर मोठी धरणे आहेत’. दोन्ही विधानं खरी आहेत, पण एक मुखाबद्दल बोलतं आणि दुसरं धरणांबद्दल. हा फरक झालाच नाही. आधी पेन्सिलीनं समासात निकष लिहून घ्यावेत : उगम, वाहण्याची दिशा, लांबी, उतार, मुखाजवळचं भूरूप. मग प्रत्येक ओळीत दोघींनाही तोच प्रश्न विचारावा. उत्तर आपोआप नेमकं होतं.

नदीच्या मुखाशी

दहावीच्या मुलांना हमखास भेटणारं एक विधान आहे : ‘भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर त्रिभुज प्रदेश आढळत नाहीत.’ बहुतेकांचं उत्तर ‘कारण नद्या वेगानं वाहतात’ इथे संपतं. रत्नागिरीच्या मुलानं इथे अडू नये. भाट्याच्या पुलावर उभं राहिलं की काजळीचं रुंद पात्र दिसतं. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी त्यात आत शिरतं, ओहोटीला बाहेर जातं. ही खाडी आहे. शास्त्रीच्या मुखाशी जयगड, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट. जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं तर दर थोड्या अंतरावर खाडी लागते. त्रिभुज प्रदेश का नाही, याचं उत्तर त्याऐवजी काय आहे आणि ते का आहे, यात दडलेलं आहे.

आता कड्या जोडू. त्रिभुज प्रदेश व्हायला नदीनं भरपूर गाळ आणायला हवा, मुखाशी तिचा वेग मंदावायला हवा आणि साचलेला गाळ तिथेच टिकायला हवा. कोकणातल्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि थोडं अंतर कापून समुद्र गाठतात. लांबी कमी म्हणून गाळ गोळा करायला क्षेत्र कमी. वाट कठीण खडकातून जाते म्हणून झीजही मर्यादित. उतार तीव्र, त्यामुळे आणलेला गाळ वाटेत पसरत नाही. मुखाशी भरती-ओहोटीचे प्रवाह आणि लाटा तो गाळ इकडून तिकडे हलवत राहतात. म्हणून फाटे फुटलेल्या त्रिकोणी प्रदेशाऐवजी खाडी तयार होते.

इथे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, पण खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली दिसते, होड्या रुततात, ते काय? प्रश्न रास्त आहे. ती वाळू प्रामुख्यानं लाटा आणि किनाऱ्यालगतचे प्रवाह यांनी आणून टाकलेली असते. तो वाळूचा दांडा झाला. त्रिभुज प्रदेशात नदीनं स्वतः आणलेला गाळ पसरतो आणि त्यातून नदीला अनेक फाटे फुटतात. डोळ्यांना दिसणारी गोष्ट आणि पुस्तकातली व्याख्या यांत असा फरक करता आला की तो धडा खऱ्या अर्थानं समजला.

याच उत्तरात एक ओळ समोरच्या बाजूची घातली तर ते अधिक भक्कम होतं. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण ६५ किलोमीटरवर आहे. तरी ती पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. लांब वाट, मोठं खोरं, मंद उतार, भरपूर गाळ. म्हणून तिच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश. एकाच डोंगररांगेच्या दोन उतारांवरून निघालेल्या नद्यांची ही तुलना वाचणाऱ्याला पटवून देते की मुलानं कारण समजून लिहिलं आहे.

रत्नागिरीहून ब्राझीलला

२०१८ साली आलेलं दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर उभं आहे. मुलांना ब्राझील परका वाटतो. अॅमेझॉन, पंपास, मॅनॉस ही नावं पाठ करावी लागतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. पण कारणं परकी नाहीत. ‘ब्राझीलच्या ईशान्य भागात अवर्षणग्रस्त प्रदेश आढळतो’ हे विधान घ्या. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे उच्चभूमीला अडतात, समुद्राकडच्या बाजूला पाऊस देतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. पलीकडचा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. हे आपण रोज जगतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात तेव्हा रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस देतात. घाट ओलांडून साताऱ्याच्या माणदेशात गेलं की पावसाचा आकडा पाचशेच्या आसपास येतो. यंत्रणा तीच. बदलतात वाऱ्याची नावं आणि डोंगराचं नाव.

म्हणून परक्या प्रदेशाचा प्रश्न आला की आधी त्यासारखी ओळखीची जागा आठवावी, तिथलं कारण मनात मांडावं आणि मग नावं बदलून लिहावं. एक खबरदारी मात्र घ्यावी. सगळंच सारखं नसतं. ब्राझीलचा बराचसा भाग दक्षिण गोलार्धात आहे. आपल्याकडे मे महिन्यात उन्हाळा असतो तेव्हा तिथे हिवाळा जवळ आलेला असतो. ऋतू उलटे करायला विसरलेलं उत्तर बाकी कितीही चांगलं असलं तरी कोसळतं. तसंच वेळेचं. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ब्राझिलियाच्या वेळेपेक्षा ती साडेआठ तास पुढे आहे.

रेखावृत्ताचं गणित पाठ करण्यापेक्षा आपल्या गावावर करून बघावं. रत्नागिरी साधारण ७३°१८′ पूर्व रेखावृत्तावर आहे. ८२°३०′ मधून हे वजा केलं की ९°१२′ उरतात. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे फरक जवळजवळ ३७ मिनिटांचा झाला. रत्नागिरी प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहे, म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर, सरासरी साडेबारानंतर. अंगणात काठी उभी करून तिची सावली सर्वांत आखूड कधी होते ते बघितलं, तर हे पडताळता येतं. ऋतुमानानुसार वेळ थोडी मागेपुढे होते, पण स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ यांतला फरक एकदा असा पाहिला की पुन्हा चुकत नाही.

आकडा बोलतो, पण कशाबद्दल?

आलेखाच्या प्रश्नाला सहा गुण आहेत आणि तिथे पैकीच्या पैकी मिळवणं सर्वांत सोपं आहे. शीर्षक, दोन्ही अक्षांची नावं, एकक, प्रमाण आणि सूची या पाच गोष्टी असल्या की आलेख पूर्ण होतो. प्रमाण लिहायचं राहून गेलं म्हणून हातचा गुण जाणं फार वाईट. पण खरी परीक्षा आलेख वाचण्यात आहे, आणि तिथे एक सापळा वर्षानुवर्षं मुलांना अडकवतो : लोकसंख्या आणि लोकसंख्यावाढीचा दर.

भारताचा दशवार्षिक वाढीचा दर १९९१-२००१ मध्ये २१.५४ टक्के होता. २००१-२०११ मध्ये तो १७.६४ टक्क्यांवर आला. आलेखातली रेषा खाली उतरते आणि मुलं लिहितात, ‘भारताची लोकसंख्या कमी झाली.’ ती तर सुमारे १०३ कोटींवरून १२१ कोटींवर गेली. मंदावला तो वेग.

याच्या शेजारी रत्नागिरी जिल्ह्याचे आकडे ठेवा. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. इथे माणसंच ८१,७०८ नं घटली, म्हणजे दर उणे ४.८२ टक्के. दर कमी होणं आणि दर उणे होणं यांतला फरक या दोन उदाहरणांनी कायमचा डोक्यात बसतो.

लिंग गुणोत्तराचं तसंच. २०११ मध्ये देशात दर हजार पुरुषांमागे ९४३ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात ९२९ आणि रत्नागिरीत १,१२२. ‘जिल्ह्यात स्त्रियांचे प्रमाण जास्त का?’ असं विचारलं की ‘स्त्री-शिक्षण आणि समानता’ असं उत्तर येतं. ऐकायला छान वाटतं, पण भौगोलिक कारण वेगळं आहे. शेतजमीन थोडी आणि तुकड्यातुकड्यांची, पीक मुख्यतः पावसाळ्यातलं, मोठे उद्योग कमी. म्हणून कामधंद्याच्या वयातले पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईला जात राहिले. गणपतीत आणि शिमग्याला गावी येणारा चाकरमानी हे त्या स्थलांतराचं रूप. जनगणनेत तो मुंबईत मोजला जातो आणि मागे राहिलेल्या घरच्या बायका गावात. पुरावाही हाताशी आहे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये याच जिल्ह्यात मुली मुलांपेक्षा कमी आहेत. मग प्रौढांमध्ये स्त्रिया जास्त का दिसतात? कारण पुरुष बाहेर आहेत. आकडा, कारण आणि पुरावा असे तिन्ही एका उत्तरात आले की चार गुणांचं उत्तर पूर्ण होतं.

आकृती आणि नकाशा

शंभर शब्दांचं काम एक उभा छेद करतो. पर्जन्यछायेच्या उत्तरात डावीकडे समुद्र, त्याला लागून किनारा, मग पायऱ्यापायऱ्यांनी चढणारे सडे, मग सह्याद्रीची जवळजवळ उभी भिंत आणि पलीकडे पूर्वेला हळूहळू उतरत जाणारं पठार असं काढावं. समुद्रावरून येणारे बाण, भिंतीवर ढग, पाऊस कुठे आणि पर्जन्यछाया कुठे एवढीच नावं द्यावीत. दोन मिनिटांचं काम आहे. रंगीत पेन्सिली नकोत, छटा नकोत. नावं मात्र ठळक हवीत.

हाच छेद कोयनेच्या प्रश्नालाही कामी येतो. कोयना सह्याद्रीच्या पूर्व बाजूची नदी, कराडला कृष्णेला मिळणारी. पण तिच्या धरणाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला वीज तयार केली जाते. असं उलट का केलं? छेद बघा. पूर्वेकडचा उतार मंद आहे, पश्चिमेकडे पाणी शेकडो मीटर खाली कोसळतं. जलविद्युत पाण्याच्या प्रमाणावर आणि उंचीवर अवलंबून असते, म्हणून वीजगृह पश्चिमेला. पुढे हे पाणी वाशिष्ठीत येतं. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी माणसानं अरबी समुद्राच्या वाटेला लावलं. भूरचनेचा फायदा घेऊन माणूस निसर्गाची दिशा बदलतो, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मिळणं कठीण.

नकाशा भरणं आणि नकाशा वाचणं मिळून आठ गुण. ब्राझीलचा आराखडा हातात आला की आधी पुसट पेन्सिलीनं दोन रेषा ओढाव्यात, उत्तर भागातून विषुववृत्त आणि दक्षिण भागातून मकरवृत्त. मग जागा शोधणं सोपं जातं. अॅमेझॉनचं मुख विषुववृत्ताजवळ, मॅनॉस तिथून आत अॅमेझॉनजवळ, साओ पावलो मकरवृत्ताशेजारी. भारताच्या नकाशात हेच काम कर्कवृत्त करतं. चिन्ह आणि सूची यांचं नातं काटेकोर ठेवावं. नदी रेषेनं, शहर टिंबानं, प्रदेश छायेनं दाखवावा. नदीच्या जागी टिंब देणाऱ्याला ठिकाण माहीत असतं, पण ती वस्तू काय आहे हे त्याला कळलेलं नाही असाच अर्थ निघतो.

दोन तास, चाळीस गुण

पेपरला १२० मिनिटं आहेत, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. सध्याच्या आराखड्याप्रमाणे पर्याय, जोड्या आणि एका वाक्यातली उत्तरं यांच्या बारा गुणांना वीस मिनिटं पुरतात. दोन्ही नकाशांना वीस, आलेखाला पंधरा, दोन भौगोलिक कारणांना वीस आणि सविस्तर उत्तरांना तीस मिनिटं द्यावीत. उरलेली पंधरा मिनिटं प्रश्न वाचायला आणि शेवटी सूची, शीर्षकं, एककं तपासायला. तीन गुणांच्या उत्तरावर दोन पानं लिहिणारा विद्यार्थी मेहनती असतो, पण तो पुढच्या चार गुणांचा वेळ खातो. कारणाच्या उत्तरात तीन-चार पक्के मुद्दे हवेत, प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर, आणि मुद्द्यातलं स्थानाचं किंवा खडकाचं नाव अधोरेखित.

सराव मात्र वेळ लावूनच करावा आणि शक्य तर पुस्तकाबाहेरच्या प्रश्नांवर. पाठ केलेलं उत्तर नव्या प्रश्नापुढे उपयोगी पडत नाही; उपयोगी पडते ती कारणं शोधायची सवय. प्रत्येक गावात असे प्रश्न पडलेले असतात. काही इथे देतो. प्रत्येकाला नऊ मिनिटं, तीन-चार मुद्दे :

कोकणातल्या खेड्यांत एकसंध गावठाणापेक्षा विखुरलेल्या वाड्या जास्त का आढळतात?

जयगड व दाभोळ येथे बंदरं विकसित होण्यास कोणती भौगोलिक कारणं अनुकूल ठरली?

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. तिच्या मार्गात इतके बोगदे आणि पूल का बांधावे लागले?

१ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्यामागे निसर्गाशी निगडित कोणती कारणं आहेत?

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला महापूर आला. वाशिष्ठीचा उतार, पावसाचं प्रमाण, भरती आणि शहराचं स्थान यांचा त्याच्याशी काय संबंध?

शेवटचा प्रश्न मोठ्यांनीही सोडवून पाहावा. पूर का आला, विहीर का आटली, दरड कुठे कोसळेल, रस्ता कुठून न्यावा, असे प्रश्न ग्रामसभेत येतात तेव्हा तिथेही ‘पाऊस फार झाला’ एवढ्यावर चर्चा थांबते आणि निर्णय चुकतात. कारणाला कारण जोडत शेवटपर्यंत जाण्याची शिस्त पंधराव्या वर्षी हाताला लागली, तर ती गुणपत्रिकेच्या फार पुढे कामाला येते. म्हणून मुलानं उत्तर लिहून दाखवलं की त्याला एकच प्रश्न विचारा, ‘हे इथेच का?’ त्याच्या वहीत याचं उत्तर असेल तर ते उत्तर पूर्ण आहे. नसेल तर अजून एक वाक्य लिहायचं आहे.